पेराएवढा शिपाई

दिवाळीला पंधरा-वीस दिवस उरले की बाजारात मावळे येतात. पणत्या, रांगोळीच्या पुड्या आणि आकाशकंदील यांच्या गर्दीत एखाद्या पोत्यावर त्यांची रांग मांडलेली असते. कुणी तलवार उगारलेला, कुणी भाला घेतलेला, कुणी तोफेमागे उभा, कुणी शिंग फुंकणारा, आणि मध्ये सिंहासनावर महाराज. किल्ला करण्याची हौस पुण्या-साताऱ्याकडे जास्त रुजलेली असली तरी आमच्या जालन्यातही आता गल्लीबोळात दगड-मातीचे बुरूज उभे राहतात. बहुतेक मराठी मुलांच्या हाताला लागलेला पहिला सैनिक हाच असतो, आणि बऱ्याच जणांच्या बाबतीत शेवटचाही.

या मावळ्याकडे कारागिरीची वस्तू म्हणून पाहायला हवं. तो बहुधा दोन भागांच्या साच्यातून निघतो, एक भाग पुढचा, एक मागचा. अशा साच्यात अंगापासून लांब गेलेला अवयव अडकतो आणि बाहेर काढताना तुटतो. म्हणून ढाल छातीला चिकटलेली असते, पाय एकमेकांत मिसळलेले असतात, आणि तलवार उगारलेला हात कानाजवळच वर जातो. बाजूने पाहिलं तर हा शिपाई चपटा असतो, पोळी लाटल्यासारखा. पण तो बाजूने पाहण्यासाठी केलेलाच नसतो. मातीच्या ढिगावर, पाच-सहा हातांवरून, पणतीच्या उजेडात तो ‘मावळा’ म्हणून ओळखू आला की काम झालं. वर गेलेला हात आणि डोक्यावरचं पागोटं एवढ्यावर तो ओळखू येतो. खेळणं म्हणून मला त्यात काहीही खोट दिसत नाही.

माझी अडचण वेगळी आहे. मी हौसेने लष्करी मिनिएचर घडवतो. विकतचे संच जोडून रंगवणं हा या छंदाचा मोठा भाग, पण मला रस आहे तो तार आणि पुट्टीपासून, शून्यातून माणूस उभा करण्यात. आणि ज्याला शून्यातून माणूस उभा करायचा आहे त्याला एक प्रश्न टाळता येत नाही: कुठला माणूस? मराठी बाजारात ‘मराठा शिपाई’ या शब्दाला एकच रूप आहे, सतराव्या शतकातल्या डोंगरी पायदळाचं. मी ज्या जिल्ह्यात राहतो तिथे मराठा फौजेची सगळ्यात रक्तरंजित लढायांपैकी एक झाली, आणि त्या लढाईत या रूपाचा शिपाई जवळजवळ नव्हता.

ही लढाई असईची. भोकरदनच्या बाजूला, खेळणा आणि जुई या दोन नद्यांच्या बेचक्यात असई गाव आहे. २३ सप्टेंबर १८०३ रोजी तिथे दौलतराव शिंदे आणि नागपूरचे रघूजी भोसले यांची फौज एका बाजूला आणि मेजर जनरल आर्थर वेलस्लीची फौज दुसऱ्या बाजूला अशी गाठ पडली. हाच वेलस्ली पुढे ड्यूक ऑफ वेलिंग्टन झाला आणि १८१५ साली वॉटर्लूला नेपोलियनशी लढला. म्हातारपणी त्याला विचारलं गेलं की तुमच्या हातून रणांगणावर झालेली सगळ्यात चांगली कामगिरी कोणती, तेव्हा त्याने वॉटर्लू नव्हे, असई सांगितलं. म्हणूनच जगभरच्या मिनिएचरवाल्यांना आमच्या जिल्ह्यातलं हे छोटं गाव नावाने माहीत असतं. बर्नार्ड कॉर्नवेलची ‘शार्प्स ट्रायम्फ’ ही १९९८ची कादंबरी याच लढाईवर आहे. तिनेही असईचं नाव अनेक वाचकांपर्यंत नेलं.

लढाईत काय झालं ते थोडक्यात सांगतो, कारण पुढचा सगळा मुद्दा त्यावर उभा आहे. मराठा बाजूला घोडदळ मोठं होतं, पण त्या दिवशी ते फारसं लढलं नाही. लढलं ते कवायती पायदळ आणि तोफखाना. पायदळ दहा हजारांच्या वर, तोफा शंभराच्या आसपास. मुख्य पलटणींवर हॅनोव्हरचा अँथनी पोलमन. शिवाय बेगम समरूच्या पलटणी होत्या, आणि द्युपाँ नावाच्या आणखी एका युरोपीय अधिकाऱ्याच्या हाताखालची तुकडी होती. ही सगळी रांग खेळणा नदीकडे तोंड करून उभी होती. वेलस्लीने समोरून नदी ओलांडायचं टाळलं. पलीकडे दोन गावं समोरासमोर दिसतात, म्हणजे मध्ये उतार असणारच, असा तर्क करून तो मराठा फौजेच्या डाव्या बगलेपलीकडे नदी उतरला. आता तो कडेने येणार आणि सगळी रांग गुंडाळत जाणार, असा त्याचा बेत.

पण रांग वळली. दहा हजार माणसं आणि त्यांच्या तोफा, समोर शत्रू असताना, काटकोनात फिरून नव्या दिशेला तोंड करून उभ्या राहिल्या. उजवी बाजू खेळण्याला टेकलेली, डावी असई गावाला. मराठा फौजेला हे जमेल अशी वेलस्लीची अपेक्षा नव्हती. मग तोफांनी त्याच्या तोफा गप्प केल्या, तोफा ओढणारे बैल आणि गोलंदाज मारले, आणि त्याला तोफा मागे टाकून संगिनी पुढे करत चालून जावं लागलं. मराठा गोलंदाज तोफा सोडून पळाले नाहीत, तोफेशीच संगिनींनी मारले गेले. काही जण मेल्याचं सोंग घेऊन पडून राहिले, इंग्रजांची ओळ पुढे गेल्यावर उठले, आणि त्याच तोफा त्यांच्या पाठीवर फिरवल्या. त्या तोफा पुन्हा घ्याव्या लागल्या. संध्याकाळपर्यंत मराठा फौज हरली, ९८ तोफा गेल्या. पण वेलस्लीच्या साडेचार हजारांच्या नियमित फौजेतले दीड हजारांहून जास्त मेले, जखमी झाले किंवा बेपत्ता राहिले. म्हणजे दर तिघांमागे एक.

इंग्रजांकडचा हिशेब पलटणवार आहे. ४२८ ठार, ११३८ जखमी, १८ बेपत्ता. मराठा बाजूचे फक्त अंदाज आहेत. ज्या ७४व्या हायलँडर पलटणीची सर्वांत जास्त वाताहत झाली, तिला सन्मान म्हणून तिसरं निशाण मिळालं आणि त्यावर हत्तीचं चिन्ह आलं. मिनिएचर रंगवणाऱ्यांचं ते निशाण फार आवडतं: दोन सेंटिमीटरच्या कापडावर हत्ती काढणं ही कौशल्याची परीक्षाच असते. मराठा पलटणींची अशी आठवण कुणी कशावर काढली नाही.

आपण त्यांना विसरलो असं म्हणणं पुरेसं नाही, कारण भाषेने त्यांना ठेवलं आहे. कसं ठेवलं ते पाहा. शिंद्यांच्या या कवायती तुकडीला मराठीत ‘कंपू’ म्हणत. आज कंपू म्हणजे टोळकं, आपल्याला न आवडणाऱ्या चार जणांचा गट. ‘पलटण’ म्हणजे लग्नाला आलेली पोरंबाळं. ‘कवायत’ शाळेच्या मैदानात उरली. आणि ‘गारदी’ हा शब्द तर शिवीच्या जवळ गेला, कारण ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांना मारणारे गारदी होते. पानिपतावर १७६१ साली शेवटपर्यंत लढलेला इब्राहिमखानही गारदीच होता; पण शब्दाचा रंग वाड्यातल्या खुनाने ठरवला. म्हणजे शिस्तीने रांगेत लढणारा पगारी शिपाई मराठीच्या पोटात आहे, पण एक तर चेष्टेत आहे, नाहीतर खलनायकात. ‘मावळा’ हा शब्द मात्र जसाच्या तसा चकचकीत राहिला. दिवाळीच्या बाजारात कुठला शिपाई मिळतो आणि कुठला नाही, याचं उत्तर साच्याच्या आधी शब्दांत आहे.

हा कंपूतला शिपाई होता तरी कोण? महादजी शिंद्यांनी १७८४ नंतर सव्हॉयच्या बनोआ द बॉइन याच्याकरवी या पलटणी उभ्या केल्या. १७९५च्या सुमारास द बॉइन गेला, त्याच्या जागी पेराँ आला. तोफा ओतण्याचं काम आग्र्याकडे एका स्कॉटिश माणसाच्या देखरेखीखाली चाले. शिपाई बहुतांशी उत्तरेतले, अवधचे, रोहिलखंडाकडचे, राजपूत, ब्राह्मण, मुसलमान. चकमकीची बंदूक आणि संगीन घेतलेल्यांना ‘तेलंगे’ म्हणत. तोड्याच्या बंदुकीवाल्यांना ‘नजीब’. ही माणसं पगारावर लढत. आणि समोर कोण होतं? वेलस्लीच्या पायदळात स्कॉटिश पलटणी दोन आणि मद्रासच्या देशी पलटणी पाच. शिवाय म्हैसूरचे स्वार, आणि वसईच्या तहानंतर इंग्रजांच्या बाजूला गेलेल्या पेशव्यांचे मराठा स्वार. म्हणजे ‘मराठा’ दोन्ही बाजूंना होते, हिंदुस्थानी शिपाई दोन्ही बाजूंना होते, गोरे अधिकारीही दोन्ही बाजूंना होते. लढाईच्या आधी कंपनी सरकारने शिंद्यांच्या नोकरीतल्या ब्रिटिश अधिकाऱ्यांना नोकरी सोडण्याचं जाहीर आवाहन केलं आणि त्यातले अनेक जण निघून गेले. कंपूच्या शिपायांनी काटकोनात वळण घेतलं ते अधिकाऱ्यांची फळी अशी विरळ झालेली असताना.

आता या माणसाचं मिनिएचर कसं करायचं?

परदेशी छंदाकडे पाहिलं तर तिथे मराठ्यांची फौज मिळते, हे आधी कबूल केलं पाहिजे. अठ्ठावीस मिलिमीटरच्या मापात भालाईत स्वार, तोडेवाले, अरब शिपाई असे प्रकार असतात. कंपूच्या शिपायासाठी मात्र अनेक खेळाडू सोपी वाट धरतात: कंपनीच्या फौजेचा शिपाई घ्यायचा, पागोटं बदलायचं, कोटाचा रंग बदलायचा. वरवर पाहता ही पळवाट वाटते, पण मला ती तितकी चूक वाटत नाही. हे शिपाई जवळजवळ सारख्याच कवायतीत घडलेले होते. रंग पुसला तर बाजू ओळखू येऊ नये, हेच खरं चित्र आहे.

चूक दुसरीकडे आहे, ती मापात आणि ढबीत. या छंदात ‘हिरोइक’ नावाची एक घडण चालते. तीस मिलिमीटर उंचीच्या माणसाचं डोकं हिशोबाने चार मिलिमीटर असायला हवं, कारण माणूस साधारण साडेसात डोकी उंच असतो. हिरोइक घडणीत डोकं मोठं, हात मोठे, बंदूक जाड. त्यामागे कारणं आहेत: धातूत ओतताना बारीक मनगट मोडतं, आणि टेबलावर तीन फुटांवरून चेहरा दिसायला हवा. पण मोठं डोकं आणि मोठा पंजा आला की पाठोपाठ मोठा आविर्भाव येतो. तोंड उघडं, दात दिसतात, भुवया चढलेल्या. युरोपीय पलटणींच्या संचात निदान निम्मे शिपाई शांत चेहऱ्याने खांद्याला बंदूक लावून चालत असतात. पूर्वेकडच्या फौजांच्या वाट्याला ओरडणारे चेहरे जास्त येतात, असं माझं निरीक्षण आहे. शिस्त त्यांची, आवेश यांचा. असईच्या रांगेने ज्या गोष्टीमुळे वेलस्लीला चकित केलं, नेमकी तीच इथे गळून पडते.

आणि गंमत अशी की इथे परदेशी शिल्पकार आणि आपला दिवाळीचा साचा एकमेकांना भेटतात. दोघांचाही मराठा शिपाई धावून जाणारा आहे. एकाचा अभिमानाने, दुसऱ्याचा ‘शत्रू’ म्हणून. उभा राहणारा, आदेशाची वाट पाहणारा, बंदूक भरणारा मराठा शिपाई दोघांनाही सुचत नाही.

एवढ्याशा पुतळीवर इतका भार का टाकायचा, असं कुणी विचारेल. त्याचं उत्तर एका जुन्या प्रकरणात आहे. विल्यम सायबर्न नावाच्या ब्रिटिश अधिकाऱ्याने वॉटर्लूच्या रणांगणाची प्रतिकृती केली. मैलाला नऊ फूट असं माप, म्हणजे जवळपास ५८७ पटींनी लहान. त्यावर पंचाहत्तर हजारांच्या आसपास शिशा-कथिलाचे शिपाई. १८३८ साली लंडनच्या पिकॅडिलीतल्या ईजिप्शियन हॉलमध्ये ती लोकांना दाखवली गेली. आज ती तिथल्या नॅशनल आर्मी म्युझियममध्ये आहे. सायबर्नने हयात असलेल्या अधिकाऱ्यांना पत्रं लिहून लिहून विचारलं की संध्याकाळी सातच्या सुमारास तुमची तुकडी नेमकी कुठे होती. वाद पेटला तो प्रशियन सैनिकांवरून. सायबर्नच्या मते त्या घटकेला ते रणांगणात बरेच आत आले होते. वेलिंग्टनला ते मान्य नव्हतं, कारण ते जितके आत, तितकं विजयाचं श्रेय वाटलं जाणार.

हे नुसतं पुस्तकात लिहिलं असतं तरी वाद झाला असता. पण प्रतिकृतीत ‘साधारणपणे’, ‘बहुधा’ असे शब्द वापरता येत नाहीत. शिपाई टेबलावर इथे उभा असतो किंवा नसतो. मिनिएचर घडवणाऱ्याला संदिग्ध राहण्याची सोय नाही, आणि या कलेचा मोठेपणा मला त्यातच वाटतो. इतिहासकार ‘पायदळाने दिशा बदलली’ असं एका वाक्यात लिहून पुढे जातो. मला ठरवावं लागतं की दिशा बदलताना या एका माणसाचा डावा पाय कुठे होता आणि तो कुणाकडे पाहत होता. सायबर्नचा विरोधक तोच वेलस्ली होता, जो पस्तीस वर्षांपूर्वी खेळण्याच्या काठावर उभा होता. त्याच्या वॉटर्लूवर पंचाहत्तर हजार पुतळ्या उभ्या राहिल्या आणि प्रत्येकीच्या जागेवर भांडण झालं. असईच्या रांगेवर कुणी भांडलंच नाही.

मापाचं गणित इथे आणखी एक गोष्ट शिकवतं. असईत वळल्यानंतरची रांग सुमारे मैलभर होती. अठ्ठावीस मिलिमीटरचा शिपाई साधारण साठपट लहान असतो. त्या मापात एक मैल म्हणजे सत्तावीस मीटर. एवढं टेबल घरात मावत नाही, म्हणून छंदात एक पुतळी वीस किंवा तीस माणसांच्या जागी उभी करतात. वीसाला एक धरलं तरी कंपूच्या पायदळासाठी पाचशेहून जास्त पुतळ्या लागतात. त्या एकेक घडवत नाहीत. एक मूळ घडवायची, त्यावर सिलिकॉनचा साचा घ्यायचा, आणि ओतत राहायचं. म्हणजे मी घडवलेल्या एका ढबीचं एक पलटणभर माणसांच्या वागण्यात रूपांतर होतं. मी मूळ पुतळीला तोंड उघडं दिलं तर हजारो माणसं ओरडू लागतात. नायकाच्या पुतळ्याला हा धोका नसतो, कारण तो एकटाच असतो.

हाताने काम करताना हे फार ठोसपणे समोर येतं. आधी बारीक तार वळून सांगाडा करायचा: मणका, खांदे, कंबर, गुडघे. माणूस तारेतच उभा राहिला पाहिजे. तारेत जो तोल नाही तो पुट्टीने येत नाही. शाडू इथे चालत नाही, वाळताना आकसते आणि तारेवर तडकते. म्हणून दोन भाग मिसळून घट्ट होणारी इपॉक्सी पुट्टी. परदेशी हिरवी पुट्टी मिळाली तर उत्तम, नाहीतर नळ दुरुस्तीची एम-सील. जालन्याच्या मे महिन्यात एम-सील इतक्या लवकर आवळते की एका वेळी हरभऱ्याएवढीच मळायची. सांगाड्यावर आधी उघडं शरीर, ते कडक झालं की त्यावर कपडे. कोटाची सुरकुती नेहमी कुठल्या तरी सांध्यापासून निघते, काखेतून किंवा कोपरातून. पागोट्यासाठी पुट्टीच्या सुतळीएवढ्या वळ्या करून गुंडाळायच्या. हत्यारं म्हणजे सुई, दाताच्या डॉक्टरकडची टोकरणी आणि पाण्यात बुडवलेलं बोट.

या सगळ्यात अवघड भाग चेहरा नाही, पागोटं नाही. शांत उभं राहणं अवघड आहे. धावणारा माणूस तोल गेलेला असला तरी शोभतो. प्रेक्षक समजतो की तो पुढच्या क्षणी सावरणार. उभ्या माणसाला कुठलीच सबब नसते. वजन कुठल्या पायावर आहे ते कंबरेत दिसलं पाहिजे, आणि कंबर कोटाखाली झाकलेली असते.

उभं राहण्याचा उत्तम नमुना मला कुठल्या संग्रहालयात नव्हे, पोळ्याच्या बाजारात दिसतो. ज्यांच्या दावणीला बैल नाहीत ती घरं पोळ्याला मातीच्या बैलांची पूजा करतात. कुंभाराचे हे बैल मराठवाड्यात कुठेही मिळतात. चार जाड पाय, वर वशिंड, दोन शिंगं, बस. तो बैल धावत नाही, मारत नाही, मान उडवत नाही. नुसता उभा असतो, आणि त्या उभं राहण्यात त्याची ताकद पूर्ण कळते, कारण घडवणाऱ्याला बैलाचं वजन कुठे असतं ते हाताने माहीत आहे. खांद्याशी, वशिंडाखाली, जिथे जू येतं तिथे. बैलाला आदर दाखवायला आपल्या कुंभाराला आवेशाची गरज पडली नाही. शिपायाला दाखवताना ती का पडते?

मला वाटतं, कारण आपण बैलाचं काम ओळखतो आणि शिपायाचं काम ओळखत नाही. मावळ्याच्या हातात तलवार दिली की त्याचं शौर्य कळतं, काम कळत नाही. असईचा शिपाई कामगार होता. ठासणीची बंदूक भरायला काडतुसाचा कागद दाताने फाडायचा, चिमूटभर दारू कानावर टाकून झाकण लावायचं, उरलेली नळीत ओतायची, गोळी टाकायची, गज काढून ठासायचं, गज परत जागी ठेवायचा, मग नेम. चांगला तयार शिपाई हे मिनिटात दोन-तीनदा करी. म्हणजे त्या दुपारी रांगेतल्या माणसाचा बहुतेक वेळ मारण्यात गेला नाही, भरण्यात गेला. समोरून संगिनी येताना, मान खाली घालून, हातातल्या कामाकडे पाहत. कवायतीचा सगळा अर्थ एवढाच: भीती वाटत असताना हाताने काम चालू ठेवणं.

यावर एक आक्षेप रास्त आहे. हा माणूस भाडोत्री होता, मराठीही बोलत नव्हता. त्याला आपल्या किल्ल्यावर का उभा करायचा? पगार थकला की या पलटणी धरणं धरत, मालकही बदलत. बेगम समरूच्या पलटणी त्या दिवशी बऱ्याचशा धडपणे निघून गेल्या. पोलमन पुढे इंग्रजांच्याच नोकरीत गेला. या फौजेत स्वराज्याची भावना शोधणं हा वेडेपणा आहे, आणि मी तिला मावळ्याच्या जागी बसवा असं म्हणत नाही. पण ‘आपला’ ठरवण्याची कसोटी फक्त भावना असेल, तर पेशव्यांच्या बाजूने वेलस्लीसोबत आलेल्या मराठा स्वारांचं काय करायचं? ते मराठी बोलत होते. तोफेला चिकटून मेलेला गोलंदाज बहुधा बोलत नव्हता. असईच्या मातीत दोघांपैकी जास्त कोण पडलं याचं उत्तर अवघड नाही.

आणि एक आक्षेप माझा माझ्याच छंदावर आहे. मिनिएचर युद्धाला नीटनेटकं करतं. त्यात वास नाही, आवाज नाही, तहान नाही. एच. जी. वेल्सने १९१३ साली ‘लिटल वॉर्स’ लिहून खेळण्यातल्या शिपायांच्या लढाईचे नियम बांधले. खरं युद्ध किती मूर्ख आणि महाग असतं हे या खेळातून उमगावं अशी त्याची आशा होती. पुढच्याच वर्षी महायुद्ध सुरू झालं. पुतळ्यांनी माणसं शहाणी होतात असा माझा दावा नाही. मेलेल्या शिपायाची पुतळी हा तर या कलेचा सर्वांत कच्चा भाग आहे. पेराएवढ्या मापात प्रेत झोपलेल्या माणसासारखंच दिसतं, आणि लाल रंग लावला की ते खोटं वाटतं. हा छंद मरण दाखवू शकत नाही. जे दाखवू शकतो ते एवढंच की मरणाआधी माणूस काय करत होता.

म्हणून असईसाठी मला करायची पुतळी ठरली आहे आणि तिच्याविषयी माझं मत पक्कं आहे. बंदूक उभी धरलेली, दस्ता जमिनीवर, डाव्या पायाशेजारी. डोकं किंचित खाली, नजर नळीच्या तोंडावर. तोंड मिटलेलं, ओठाच्या कोपऱ्याला दारूचा काळा डाग. उजवा हात पूर्ण वर गेलेला, गज ओढून काढताना जातो तसा. लांबून पाहिलं तर ती दिवाळीच्या मावळ्यासारखीच दिसेल, हात उगारलेली. जवळ गेलं की कळेल, हातात तलवार नाही, लोखंडी गज आहे, आणि तो माणूस या घटकेला कुणालाही मारू शकत नाही. त्याच्या डाव्या-उजव्या बाजूला तसेच एकोणीस जण, कोपराला कोपर लागेल इतके जवळ. तो तिथे थांबला आहे तो शेजारचेही थांबले आहेत म्हणून.